भोक पाडणाऱ्या दोन गोगलगायी, तरी नातं लांबचं: सागरी शिकारी गोगलगायींचा वंशवृक्ष कसा वाचावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भंडारा जिल्ह्यात साकोलीकडच्या एका ग्रामीण महाविद्यालयातली एम.एस्सी. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी शिकारी सागरी गोगलगायींच्या नात्यांवर प्रकल्प करते आहे. जेनबँक या खुल्या डीएनए-संग्रहातून सीओआय या मायटोकाँड्रियातल्या एकाच जनुकाचे 24 क्रम, म्हणजे डीएनए-अक्षरांच्या ओळी, उतरवून तिने मेगा या संगणक-प्रणालीत वंशवृक्ष काढला. नाटिका आणि म्युरेक्स या दोघी शिंपल्याला भोक पाडून आतलं मांस खातात, तरी झाडावर एकमेकींपासून लांब पडल्या. कोन आणि टेरेब्रा या आणखी दोन शिकारी गोगलगायी एका गटातल्या असं पुस्तकात आहे, पण झाडावर त्यांना जोडणाऱ्या फांदीला बूटस्ट्रॅप, म्हणजे फांदीचा भरवसा मोजणारा आकडा, फक्त 34 मिळाला. मार्गदर्शक म्हणतात, डेटाच चुकला असेल. आणि समुद्र इतका लांब असताना, हाताशी प्रयोगशाळेतला सुक्या शंखांचा एक ट्रे असताना, प्रत्यक्ष काम काय करता येईल, असंही तिने विचारलं आहे.

नाटिका आणि म्युरेक्स लांब पडल्या, हे बरोबरच झालं. एकत्र आल्या असत्या तर मी आधी क्रमांची नावं तपासायला सांगितलं असतं. 34 चा प्रश्न वेगळा आहे. तिथे डेटा चुकला नसून अपुरा पडला आहे, आणि तो बराच सुधारता येतो.

मूळ गोंधळ पोटापाण्याचा धंदा आणि कूळ एकच मानल्यामुळे होतो. दोन गावच्या लोहारांनी घडवलेले विळे सारखे दिसले म्हणून ते लोहार भाऊ ठरत नाहीत. गोगलगायींतही शिकारीची रीत पुन्हा पुन्हा, स्वतंत्रपणे घडली आहे, आणि काही कुळांत ती घडून पुसलीही गेली आहे. म्हणून मी हत्याराचा उपयोग बाजूला ठेवते आणि ते हत्यार शरीराच्या कोणत्या भागातून तयार झालं ते आधी पाहते.

भोकाचंच घ्या. नाटिका वाळूत दडलेली शिंपली पायाने गुंडाळून धरते. कवच मऊ करणारा स्राव सोडणारं तिचं इंद्रिय सोंडेच्या टोकाशी, खालच्या ओठावर असतं. म्युरेक्सच्या कुळात, म्हणजे म्युरिसिडीत, तेच काम करणारं इंद्रिय पायाच्या तळव्यावर पुढच्या बाजूला असतं. दोघी स्राव लावायचा, मग रॅड्युलाने, म्हणजे तोंडातल्या दातेरी पट्टीने, खरवडायचं, पुन्हा स्राव लावायचा, असंच आलटून पालटून करतात. एका शिंपल्यावर हे काम कित्येक तास, कधी काही दिवस चालतं. रीत सारखी असली तरी साधन शरीरात दोन निराळ्या जागी उगवलेलं आहे. एकाच पूर्वजाकडून आलेलं असतं तर ते एकाच जागी सापडायला हवं होतं.

याचा पुरावा तुमच्या ट्रेमध्ये असण्याची शक्यता बरीच आहे. शिंपल्यांच्या सुट्या झडपा बाहेर काढा आणि दहापट भिंगाखाली, दिवा एका बाजूने धरून, प्रत्येकीवर गोल भोक शोधा. भोक बाहेरून रुंद आणि आत निमुळतं होत गेलेलं, कडा उतरती असेल, तर काम बहुधा नाटिकाच्या कुळाचं. भिंती सरळ उभ्या आणि भोक नळीसारखं असेल तर म्युरिसिडी. अर्धवट सोडलेलं भोक सापडलं तर ते जपून ठेवा, कारण नाटिकाच्या अपुऱ्या भोकात तळाला मधोमध लहानसा उंचवटा राहतो. बाहेरचा आणि आतला व्यास मोजून दोन रकाने भरा आणि गुणोत्तर काढा. मात्र किनाऱ्यावर लाटांनी झिजलेल्या झडपेवर उतरती कडा फसवते, पातळ झडपेवर तर उतार दिसायला जागाच नसते. अशा झडपांपुढे सरळ 'अनिश्चित' लिहा.

आता कुळांची मांडणी. म्युरेक्स, कोन, टेरेब्रा, ऑलिव्हा, नासारियस, बॅबिलोनिया, मायट्रा, व्होल्युटा हे सगळे निओगॅस्ट्रोपोडा या मोठ्या गटातले. आपल्या देवघरातला शंख, टर्बिनेला पायरम, हाही त्यातलाच. तो वाळूतले बहुकेसी कृमी खातो. नाटिका या गटाबाहेरची आहे. टोना, कॅसिस, बर्सा, कॅरोनिया यांचा टोनॉइडिया हा आणखी एक शिकारी गट. टोना समुद्रकाकड्या खाते, कॅसिस समुद्री साळिंद्रं, तर कॅरोनिया तारामासे. टोनाच्या लाळेत सल्फ्युरिक आम्ल असतं, हे जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ट्रोशेलने 1854 मध्येच दाखवलं होतं. टोनॉइडिया हे निओगॅस्ट्रोपोडाचे जवळचे भाऊबंद आहेत, पण नेमके किती जवळचे यावर वाद झाला आहे. मायटोकाँड्रियाच्या काही विश्लेषणांत ते थेट निओगॅस्ट्रोपोडाच्या आत जाऊन बसतात. तुमच्या झाडावर टोना आत शिरली असेल तर घाबरू नका. सीओआयच्या जोरावर हा वाद मिटत नाही.

रॅड्युलावरून नातं लावताना विद्यार्थी हमखास एका जागी अडखळतात. नाटिकाच्या रॅड्युलावर आडव्या ओळीत सात दात असतात, टोनाच्याही सात. मग या दोघी जवळच्या? तुमच्या गावच्या बोडीतल्या, म्हणजे लहान तळ्यातल्या, मोठ्या गोगलगायीच्या, म्हणजे बी.एस्सी.च्या पुस्तकातल्या पिलाच्या, ओळीतही सातच दात आहेत, आणि ती शेवाळ-पाला खाते. सात दात हा या सगळ्यांच्या फार जुन्या पूर्वजाचा वारसा आहे. जुना वारसा ज्यांनी ज्यांनी राखला ते एकमेकांचे जवळचे ठरत नाहीत. नातं सांगतो तो बदल, जो एका पूर्वजात झाला आणि पुढे फक्त त्याच्याच वंशात उतरला. म्युरेक्सच्या ओळीत तीनच दात उरले. कोनमध्ये तर पट्टीच गेली आणि प्रत्येक दात सुटा, पोकळ, भाल्यासारखा झाला. असे बदल झाडावर वजन ठेवतात.

कोन आणि टेरेब्रा यांचं नातं नेमकं अशाच बदलावर उभं आहे. निओगॅस्ट्रोपोडांच्या अन्ननलिकेला लागून लायब्लाइनची ग्रंथी नावाची एक ग्रंथी असते. कोन, टेरेब्रा आणि टरिडीच्या गोतावळ्यात तिच्या जागी लांब, वेटोळी विषग्रंथी आणि तिच्या टोकाला विष ढकलणारा स्नायूंचा फुगा दिसतो. ही विषग्रंथी म्हणजे लायब्लाइनच्या ग्रंथीचंच बदललेलं रूप, असं विन्स्टन पाँडर यांनी 1970 च्या दशकात मांडलं. या विषयंत्रामुळेच त्या सगळ्यांचा कोनॉइडिया हा एक गट होतो, शंख बाहेरून कितीही वेगळे दिसोत. कोनचा शंख शंकूसारखा आणि टेरेब्राचा सुईसारखा, याचा संबंध जगण्याशी जास्त आणि नात्याशी कमी आहे.

मात्र एखाद्यात विषग्रंथी नाही म्हणून त्याला गटाबाहेर काढू नका. टेरेब्रिडीत विषग्रंथी आणि रॅड्युला दोन्ही एकाहून जास्त वेळा स्वतंत्रपणे नाहीसे झाले आहेत. त्या जाती आता कृमी अख्खा गिळतात. म्युरिसिडीतही असंच घडलं. प्रवाळावर जगणाऱ्या कोरॅलिओफिला आणि तिच्या सोबतिणींना रॅड्युला नाही, म्हणून बराच काळ त्यांचं वेगळं कूळ मानलं जायचं. डीएनए आल्यावर त्या म्युरिसिडीच्या आतच बसल्या. कोलंबेलिडी हे शिकाऱ्यांचं कूळ, तरी त्यातल्या काही जाती शेवाळावर गेल्या आहेत. कॅन्सेलॅरिया कूपरी तर झोपलेल्या विद्युत-माशाचं रक्त शोषते. 'काय खाते' हा रकाना तुमच्या तक्त्यात जरूर ठेवा, पण झाड काढून झाल्यावर त्यावर रंगवण्यासाठी. झाड काढण्यासाठी तो वापरला तर उत्तर आधीच ठरवून टाकल्यासारखं होईल.

मार्गदर्शकांशी बोलताना आणखी एक गोष्ट हाताशी ठेवा. जुन्या पुस्तकांतलं 'टरिडी' हे एक कूळ आता तसं राहिलेलं नाही. बुशे, कांटोर, सिसोएव्ह आणि प्युइलांद्र यांनी 2011 मध्ये त्याची 13 कुळं केली. त्यामुळे जुन्या लेबलावर टरिडी असलेले दोन शंख झाडावर लांब पडले, तर दोष तुमचा नाही. ट्रेमधली लेबलंही एकदा मॉलस्काबेस या ऑनलाइन नावकोशावर तपासून घ्या. डोलियम म्हणजे आजची टोना. 'ट्रायटन' लिहिलेला शंख टोनॉइडियातला असतो. 'पर्प्युरा' नावाखाली थाइस आणि तिच्या जवळच्या किती तरी जाती कोंबलेल्या असतात.

आता 34. बूटस्ट्रॅप म्हणजे 'ही फांदी 34 टक्के खरी' असं नव्हे. तुमच्या जुळणीतले, म्हणजे एकाखाली एक मांडलेल्या क्रमांतले, रकाने पुन्हा पुन्हा चिठ्ठ्या टाकून उचलले, दर वेळी झाड काढलं, आणि त्यातल्या 34 टक्के झाडांत ही फांदी आली, एवढाच त्याचा अर्थ. सीओआयचा प्रचलित तुकडा 658 अक्षरांचा. हा जनुक वेगाने बदलतो, म्हणून जवळच्या जाती वेगळ्या करायला तो उत्तम. पण निओगॅस्ट्रोपोडाचे मोठे वंश क्रिटेशस काळात, म्हणजे 14.5 कोटी ते 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या टप्प्यात, एकामागोमाग एक फुटले. फुटीमधलं अंतर थोडं असल्याने त्या मधल्या काळात साठलेले बदलही थोडे. त्यावर पुढची कोट्यवधी वर्षं तीच तीच अक्षरं पुन्हा बदलत राहिली, विशेषतः प्रत्येक कोडॉनमधलं, म्हणजे अक्षरत्रिकातलं, तिसरं अक्षर. जुनी खूण नव्या खुणांखाली बुजते. म्हणून कुळाच्या आतल्या फांद्या तुम्हाला 90 च्या वर मिळतील आणि कुळं जोडणाऱ्या फांद्या 30-40 वर अडकतील.

सुधारणा ज्या क्रमाने मी करते त्या क्रमाने सांगते, कारण पहिली पायरी चुकली तर पुढचं सगळं वाया जातं. सर्वांत आधी क्रमांचं भाषांतर प्रथिनात करून बघा. कोड निवडताना अपृष्ठवंशीयांचा मायटोकाँड्रियल कोड, म्हणजे 5 क्रमांकाचा तक्ता घ्या. मेगात साधा कोड निवडलेला राहिला तर टीजीए हे अक्षरत्रिक 'थांबा' असं वाचलं जातं आणि क्रमभर तारे उमटतात. 5 क्रमांकाच्या तक्त्यात टीजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन. 658 अक्षरी तुकड्याची वाचनचौकट बहुधा दुसऱ्या अक्षरापासून सुरू होते, तेही सांभाळा. कोड आणि चौकट बरोबर असूनही मध्येच 'थांबा' आला तर तो क्रम काढून टाका.

मग तिसरं अक्षर वगळून एक झाड आणि ठेवून एक झाड अशी दोन काढा. खोल फांद्या दोन्हीत जागा बदलत असतील तर त्या सीओआयच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, हे तुम्हाला आकड्यानिशी दाखवता येतं.

त्यानंतर जनुकं वाढवा. 16एस आणि 12एस मायटोकाँड्रियातले, 28एस आणि हिस्टोन एच3 केंद्रकातले. हे सगळे जेनबँकेत फुकट मिळतात. कोनॉइडियाचे तर भरपूर आहेत, आणि त्यातले बरेच पॅरिसच्या राष्ट्रीय निसर्ग संग्रहालयातल्या नमुन्यांचे आहेत. इथे एक शिस्त पाळा: एका जातीची सगळी जनुकं शक्यतो एकाच नमुना-क्रमांकाची घ्या. सीओआय एका प्राण्याचं आणि 28एस दुसऱ्याचं घेतलं, आणि दुसऱ्याची ओळखच चुकलेली निघाली, तर झाडावर अस्तित्वात नसलेला प्राणी उभा राहतो. असा नमुना मिळतच नसेल तर एकाच प्रजातीच्या (जीनसच्या) दोन जाती (स्पीशीज) जोडा आणि तक्त्यात तसं स्पष्ट लिहा. 16एस आणि 28एस जुळवायला मॅफ्ट ही प्रणाली वापरा. त्यांत अक्षरं मधूनच गळलेली किंवा वाढलेली असतात. जिथे जुळणी डोळ्यांना पटत नाही ते भाग कापा, पण कापलेल्या अक्षरांची संख्या नोंदवा.

जातींची निवड हा तितकाच मोठा भाग आहे. तुमच्या यादीत टेरेब्रा एकच आहे आणि कॅन्सेलॅरिया एकच. एकटी लांब फांदी दुसऱ्या लांब फांदीकडे ओढली जाते, मग ती तिची नातलग असो वा नसो. दर कुळातून किमान दोन, जमलं तर तीन प्रजाती घ्या. बाह्यगट म्हणून, म्हणजे झाडाचं मूळ ठरवायला घेतलेली गटाबाहेरची जात म्हणून, फक्त पिला घेतली आहे. पिला चालेल, पण ती फार लांबची. तिच्यासोबत लिटोरिना, नाटिका आणि टोनॉइडियातल्या दोन घ्या, म्हणजे मुळाजवळची ती लांब फांदी तुटेल. झाड आयक्यू-ट्री या प्रणालीत काढा. दर जनुकाला वेगळा भाग द्या आणि मॉडेल त्यालाच निवडू द्या. तीस-चाळीस क्रमांना साधा लॅपटॉप पुरतो. त्यातला जलद बूटस्ट्रॅप वापरला तर लक्षात ठेवा, तिथे 95 च्या वरचा आकडा भरवशाचा मानतात. साध्या बूटस्ट्रॅपला 70 ची रेघ धरायची सवय आहे. दोन्ही आकडे एका मापाने मोजू नका.

इतकं करूनही कोनॉइडियाबाहेरच्या काही फांद्या ढिल्या राहतील. कॅन्सेलॅरियाची जागा, टोनॉइडियाची जागा, ऑलिव्हाचे शेजारी, हे प्रश्न संशोधकांनी शेकडो-हजारो जनुकं एकदम वाचायला घेतल्यावर सुटू लागले आहेत. प्रबंधात अशा फांद्या कोसळवून एकाच गाठीतून निघताना दाखवा आणि खाली लिहा की या जनुकांनी इथला क्रम ठरत नाही. ओढूनताणून दोन-दोनाच्या जोड्या लावलेल्या झाडापेक्षा परीक्षकाला ही गाठ जास्त पटते. न पटली, तर तिसरं अक्षर वगळून काढलेलं झाड समोर ठेवा.

प्रत्यक्ष कामाबद्दल. सुक्या शंखात रॅड्युला मिळत नाही, पण महाविद्यालयात विच्छेदनाला परवानगी असेल तर बोडीतली किंवा धानाच्या बांधीतली पिला घ्या. तिचा तोंडामागचा स्नायूंचा गोळा कापून 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवा. हातमोजे आणि चष्मा घालूनच. सकाळी मांस विरघळून तपकिरी पट्टी उरते. ती डिस्टिल्ड पाण्याने तीन-चार वेळा धुवा, ग्लिसरिनमध्ये काचपट्टीवर पसरा, दातांची बाजू वर. आधी कमी भिंगाखाली ओळी बघा, मग जास्त भिंगाखाली मधला एक दात आणि दोन्ही बाजूंचे तीन-तीन मोजा. पट्टी गुंडाळली जाते ती घाईत झाकणकाच टाकल्यामुळे. दोन सुयांनी टोकं दाबून मगच काच ठेवा.

निओगॅस्ट्रोपोडाचा जिवंत नमुना समुद्राशिवायही मिळू शकतो. शोभेच्या माशांच्या दुकानांत 'असॅसिन स्नेल' नावाने विकली जाणारी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची गोगलगाय, अनेंटोम हेलेना, ही आग्नेय आशियातली गोड्या पाण्यातली जात आहे आणि नासारियसच्या कुळात मोडते. टाकीत तिला लहान गोगलगायी द्या. वाळूतून वर आलेली श्वासनळी, वास लागल्यावर बदललेली दिशा आणि शेवटी बाहेर येणारी सोंड, तिन्ही गोष्टी साध्या मोबाइलवर टिपता येतात. तिचा रॅड्युला काढायचा झाला तर तोंडामागे शोधू नका. तो सोंडेच्या आत असतो, म्हणून अख्खी सोंडच कापून घ्यावी लागते. पट्टी केसासारखी बारीक असल्याने पेट्रीडिशखाली काळा कागद ठेवा.

ट्रेमधले शंख वाचताना वळणाच्या दिशेवर विसंबू नका. नागपूरजवळच्या टाकळीच्या थरांतल्या जीवाश्म शंखांत फायसा प्रिन्सेपी आहे. तो डाव्या वळणाचा, पण तळ्यातला आणि शाकाहारी. अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा लाइटनिंग व्हेल्क हाही डाव्या वळणाचा, आणि तो समुद्रातला शिकारी. दोघांचं जवळचं नातं नाही. हाच व्हेल्क कित्येकदा 'दक्षिणावर्ती शंख' म्हणून विकला जातो. टोक वर धरून प्राणिशास्त्र ज्याला डावं म्हणतं, ते आपण निमुळती नळी वर धरतो म्हणून उजवं दिसतं. खऱ्या टर्बिनेलाच्या तोंडात बोट घालून मधल्या खांबावरून फिरवलं की तीन-चार ठळक आडव्या घड्या लागतात. व्हेल्कचा खांब गुळगुळीत लागतो. कुळ ओळखायला ही घडी दिशेपेक्षा कितीतरी कामाची.

जत्रेत किंवा पूजासाहित्याच्या दुकानात शंख घेऊन ट्रे वाढवणार असाल तर कॅसिस कॉर्नुटा, कॅरोनिया ट्रायटोनिस आणि कोनस मिलनेएडवर्डसाय घेऊ नका. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली त्यांना संरक्षण आहे. पुढे कधी कोकणच्या किनाऱ्यावर सहल गेली, तर जिवंत कोन हातात धरू नका. कोनस जिओग्राफसच्या दंशाने माणसं दगावली आहेत, आणि वाळूत भिजलेला कोन कोणत्या जातीचा हे तिथल्या तिथे ओळखणं सोपं नसतं. आणि प्रकल्प संपल्यावर अनेंटोम बोडीत किंवा मामा (मालगुजारी) तलावात सोडू नका. तिथल्या बेलामिया आणि पिलाच्या पिल्लांनी असा शिकारी कधी पाहिलेला नाही. नको असेल तर दुकानदाराला परत द्या किंवा अल्कोहोलमध्ये ठेवून, तारीख आणि दुकानाचं गाव लिहून, त्याच ट्रेमध्ये नमुना म्हणून लावा.